आंघोळ न घातलेला आवाज

माझा धंदा साउंडचा. डोंबिवली पूर्वेला मानपाड्याच्या पुढे आमचं गाव. गाव म्हणजे आता टॉवरांच्या मधे उरलेल्या चार आळ्या. त्यातच आमच्या जुन्या खळ्याच्या जागेवर माझा गाळा आहे. हळदी, लग्नं, पूजा, शाळांची गॅदरिंगं, पुढाऱ्यांचे वाढदिवस, सगळीकडे माझे स्पीकर जातात. बावीस वर्षं हेच करतोय. पोटात हलणारा बेस आणि बोलणाऱ्याचा शब्द न् शब्द मागच्या खुर्चीपर्यंत, एवढं जमलं की माझ्या लेखी काम झालं. चाळिशी उलटेपर्यंत ब्लॅक मेटल हा गाण्याचा प्रकार मी ऐकलेला नव्हता.

तो ऐकला कोपरीतल्या एका लहान हॉलमध्ये. ठाण्यातल्या एका ओळखीच्या साउंडवाल्याने एकाच रविवारी दोन कामं घेऊन ठेवलेली, त्यातलं छोटं त्याने माझ्याकडे ढकललं. पोरांचा ऑर्केस्ट्रा आहे, दुपारचं दोन तासांचं काम, एवढंच सांगितलेलं. मी जाऊन स्पीकर लावले. थोड्या वेळाने तिघे जण आले. ड्रम वाजवणारा आणि बेस गिटारवाला कल्याणचे, ते आल्या आल्या आपलं सामान जोडायला लागले. तिसरा गाणारा, गिटारही त्याचीच. बत्तीस-तेहतीसचा असेल. चौकडीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा, खिशाला पेन. मला वाटलं हॉलचा क्लार्क आहे. त्याने जेवणाचा डबा खिडकीत ठेवला, पिशवीतून गिटारच्या वायरी काढल्या आणि मला नमस्कार केला.

साउंड चेकला त्याने माइकसमोर तोंड उघडलं तेव्हा मी आधी माइकची केबल बदलली. मग माइक बदलला. मग लक्षात आलं की बिघाड माझ्याकडे नाही, माणूसच तसा ओरडतोय. घशाच्या तळातून, खरवडल्यासारखा. त्यावर गिटारचा सतत खरखराट आणि ड्रमचा असा वेग की ठोका वेगळा ऐकूच येईना. मी मग मला येतं ते केलं. गिटारचा वरचा चिरका भाग कापला, खाली बेस भरला, ओरडण्यावर थोडा घुमारा टाकला, मधली खरखर बंद केली. पंधरा मिनिटांत ऐकण्यासारखं झालं. माझं मलाच बरं वाटलं.

तो मिक्सरजवळ येऊन म्हणाला, "दादा, छान केलंय तुम्ही. पण आम्हाला इतकं छान नकोय."

नवीन पोरं नखरे करतात, ते मला सवयीचं होतं. मी मान हलवली आणि ठेवलं ते तसंच ठेवलं.

कार्यक्रमाला पन्नासेक जण असतील. तिघांनी तोंडाला पांढरा-काळा रंग फासलेला, गावच्या जत्रेतल्या सोंगासारखा. मी म्हटलं आता पोरं नाचणार, खुर्च्या तुटणार. तर कोणी नाचलंच नाही. हाताची घडी घालून, माना खाली घालून सगळे उभे. मयताला आल्यासारखे. दीड तास असंच. शेवटच्या गाण्यानंतर थोड्या टाळ्या झाल्या आणि लोक गप निघून गेले. माझ्या बावीस वर्षांत असा प्रेक्षक मी पाहिला नव्हता.

वायरी गुंडाळताना मी त्याला विचारलं, कसा वाटला साउंड. विचारायला नको होतं, पण स्तुती ऐकायची सवय असते आपल्याला. तो हॉलच्या बेसिनवर तोंडाचा रंग धूत होता. रागावलेला नव्हता. म्हणाला, "खोटं कशाला बोलू? तुम्ही आम्हाला आंघोळ घालून, पावडर लावून उभं केलंत."

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती बराच वेळ हसत होती. मला हसू आलं नाही. मी मेहनतीने केलेलं काम होतं ते.

चार दिवसांनी तो गाळ्यावर आला. गिटारचा आवाज फाडणारा त्याचा एक लहान डबा माझ्या केबलच्या पेटीत राहिलेला. तो मानपाड्याजवळच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होता, माझ्या गाळ्यापासून दहा मिनिटांवर. पहिली पाळी संपवून आलेला. बोटांच्या नखांत निळा रंग बसलेला. मी चहा मागवला आणि स्पष्टच विचारलं की बाबा, हे आहे तरी काय, आणि घाण आवाज मुद्दाम कशासाठी.

तो सावकाश बोलणारा माणूस. त्याने सांगितलं की थंडीच्या देशांतल्या काही पोरांनी हे सुरू केलं. तिथे सगळं नीटनेटकं, घासूनपुसून ठेवलेलं. गाणीही तशीच व्हायला लागली. या पोरांना ते खोटं वाटलं. मग त्यांनी मुद्दाम हलके माइक आणि मोडकी मशीनं घेतली आणि लोकांना आवडावं म्हणून काहीच करायचं नाही असं ठरवलं. ऐकणाऱ्याला हसवायचं नाही, धीर द्यायचा नाही, नाचवायचं नाही. जे आहे ते थंड, मोठं, आपली पर्वा नसलेलं जग, त्याच्यासमोर एकट्याने उभं राहायचं.

मी म्हटलं, मग माणूस घरीच का नाही बसत? तो म्हणाला, घरी बसूनच करतात बरेच जण. एकटाच माणूस सगळी वाद्यं वाजवतो, रेकॉर्ड करतो, दहा लोकांना देतो आणि गप बसतो.

जाताना त्याने माझ्या फोनवर तासा-दीड तासाची गाणी टाकली. मी टेम्पोत लावली, शीळ रोडला. दोन मिनिटांत बंद केली. मग एकदा घरी हेडफोनवर लावली. हेडफोनच्या बाहेर येणारा आवाज ऐकून बायकोने विचारलं, कुकरची शिट्टी अडकल्यासारखं काय वाजतंय? तेही बंद केलं. मी त्याला फोन करून सांगणार होतो की आपल्याला नाही जमत.

ते जमलं ते भलत्याच वाटेने. आमच्याकडे दुरुस्त होऊन आलेला ॲम्प्लिफायर लगेच कामाला लावत नाहीत. तासभर त्याच्यातून सलग आवाज सोडून तो तापवून बघायचा. त्यासाठी आम्ही एक खास खरखराट वापरतो, जुना रेडिओ स्टेशन सोडून लागला की येतो तसा. त्या दिवशी दोन ॲम्प्लिफायर तापवायचे होते. मी म्हटलं खरखराटच पाहिजे ना, मग याची गाणी काय वाईट. लावली आणि बाजूला बसून तुटलेल्या केबलींना डाग द्यायला लागलो. ऐकत नव्हतोच. अर्ध्या तासाने लक्षात आलं की मी काहीतरी गुणगुणतोय. चार सुरांची चाल, अगदी संथ. थांबलो. ही कुठून आली म्हणून कान दिला तर ती स्पीकरमधूनच येत होती.

मग मला कळलं की मी चुकीचं काहीतरी ऐकत होतो. वाजवणाऱ्याचा हात जोरात चालतो म्हणून मी वेग ऐकत बसलेलो. पण हात जोरात चालत असला तरी चाल हळू सरकते. आमची खाडी बघा. वर वाऱ्याने लाटा फडफडत असतात, खाली भरतीचं पाणी मात्र आपल्या गतीने आत शिरत असतं, दिसत नाही आणि थांबतही नाही. ती खरखर म्हणजे वरच्या लाटा. मी कोपरीत ती कापून टाकलेली, आणि तिच्याबरोबर खालचं पाणीही गेलेलं. त्या दिवशी दोन तासांत दोन्ही ॲम्प्लिफायर पास झाले. मी तिसऱ्यांदा तीच गाणी लावून बसलो.

मग केमिस्ट आठवड्यातून एकदा तरी गाळ्यावर यायला लागला. पाळी संपली की चहा प्यायचा, नवीन काहीतरी ऐकवायचा, मी विचारीन त्याचं उत्तर द्यायचा. सगळंच मला आवडलं असं नाही. काही गाणी नुसती धडपड वाटायची. तोंडाला रंग फासणं मला आजही पोरकट वाटतं, हे मी त्याला सांगितलेलं आणि त्याने ऐकून घेतलेलं.

देवाचा विषय मीच काढला. या संगीतात देवाधर्माला शिव्या असतात हे एव्हाना मला कळलेलं. त्या थंड देशांतल्या काहींनी त्यांच्याकडची प्रार्थनास्थळं जाळली होती हेही त्यानेच सांगितलेलं, आणि ते त्याला पटत नव्हतं. मी देव मानणारा. आमच्या कुलदेवीच्या पालखीला मी कधी चुकत नाही. मी विचारलं की तू देव मानत नाहीस का.

तो म्हणाला की त्यांच्या घरात तो प्रश्न आजोबांनीच मिटवला. ते विठ्ठलवाडीजवळच्या चाळीत राहायचे, गिरणीत कामाला. त्यांनी धम्म घेतला, देव्हारा उचलून उल्हास नदीत सोडला आणि दुसऱ्या दिवशी पाळीला गेले. "ओरडले नाहीत, काही जाळलं नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, मग तू कशाला ओरडतोस? तुमच्या घरचं तर शांतपणे झालं. त्याने चहा खाली ठेवला. मग म्हणाला, "आजोबांना ओरडायला उसंत नव्हती, दादा. म्हणून झालं शांतपणे. त्यांचं राहिलेलं मी ओरडतो."

दुसरी गोष्ट त्याने मी न विचारता सांगितली. या संगीतवाल्यांत काही असे आहेत की ज्यांना गोऱ्या कातडीचा, आपल्या रक्ताचा माज आहे. पहिल्यांदा कळलं तेव्हा त्याने सहा महिने ऐकणं बंद केलं. त्यातला एक तर त्याचा फार आवडता होता. त्या माणसाच्या हिशोबात हा माणूसच नव्हता. इथेही काही लोकांच्या हिशोबात नसतो, तो म्हणाला, त्यामुळे धक्का असा नाही बसला, थकवा आला. मग त्याने त्या माणसांना वगळलं आणि आवाज ठेवला. त्याच्या पणजोबांना दुसऱ्यांच्या मिरवणुकीत वाजवायला लावायचे, घरच्यांनी ती वाद्यं शपथ घेऊन सोडली. "हे वाद्य मात्र मला कोणी दिलेलं नाही. मी उचललं. ते कोणी परत मागायला आलं तर मी देणार नाही."

आमच्या गावात असे वाजवायला येणारे लोक मी लहानपणी पाहिलेले. त्यांना पाणी कुठून दिलं जायचं हेही पाहिलेलं. मी ते त्याला सांगितलं. तो फक्त हो म्हणाला.

त्यांची गाणी मराठीत होती हे मला दोन महिन्यांनी कळलं. त्याने वहीत लिहिलेली वाचायला दिली तेव्हा. त्या थंड देशांतली पोरं बर्फ आणि जंगलांवर लिहितात. "आपल्याकडे बर्फ नाही," तो म्हणाला, "नाला आहे." एमआयडीसीचा नाला, जो कधी हिरवा वाहतो कधी गुलाबी. पहाटेचा तो गोडसर वास, ज्याने आमच्याकडची म्हातारी माणसं खोकत उठतात. त्याने त्यावर गाणं लिहिलेलं. आणि त्या नाल्यातला थोडा रंग तो स्वतः करतो, हेही त्या गाण्यात होतं. त्यात कोणाला शिवी नव्हती, शेवटी कसली आशाही नव्हती. नाला वाहतो, एवढ्यावर गाणं संपत होतं.

त्याच वर्षी आम्ही भावांनी उरलेला शेवटचा तुकडा बिल्डरला दिला. दीड एकर भाताचं शेत. वडील असेपर्यंत त्यात लावणी होत होती. सही झाली तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले, मीही खाल्ला. नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन आले. वाईट वाटतंय असं म्हणायची सोयच नव्हती, कारण वाईट काही झालेलंच नव्हतं. हळदीला स्पीकर लावताना मी कधी विचार केला नव्हता, पण माझा सगळा धंदाच आनंदाचा आहे. दुःखाला कोणी साउंड लावत नाही. पत्रे ठोकून शेत बंद केलं त्या आठवड्यात मी रोज दुपारी गाळ्याचं शटर अर्धं ओढून केमिस्टची गाणी ऐकत बसायचो. त्याने बरं वाटायचं असं मी म्हणणार नाही. पण मला जे वाटत होतं तेवढंच त्यात होतं, त्यापेक्षा जास्त नाही आणि कमीही नाही, आणि कोणी मला पेढा देत नव्हतं.

माझी आत्या धवलारीण आहे. धवलारीण म्हणजे आमच्या आगरी लग्नात धवले गाणारी बाई. भटजी नंतर येतो. आधी ही मांडवात बसून एकेका देवाला नाव घेऊन बोलावते, हळद कुटताना गाते, नवरा न्हाताना गाते. वय झालं, दम लागतो, आणि नवीन बाया कोणी शिकत नाहीत. म्हणून चुलत्यांनी मला सांगितलं की तिचं सगळं रेकॉर्ड करून ठेव. मी तिला गाळ्यात बसवलं, माझा सगळ्यात चांगला माइक समोर ठेवला आणि तीन दिवस रेकॉर्ड केलं. मग कॉम्प्युटरवर घेऊन मन लावून साफ केलं. श्वास काढले, खोकला काढला, बांगड्या काढल्या. सूर खाली घसरला तिथे उचलला. मागे मंदिरात असतो तसा घुमारा दिला. घरी ऐकवलं तर सगळे खूश. चुलते म्हणाले, कॅसेटमधल्या बाईसारखी वाटते.

आत्या पदराने हात पुसत शेवटपर्यंत ऐकत होती. मग मला विचारलं, "ही कोन बाई हाय?"

मी म्हटलं, आत्या, तूच आहेस.

"मी नाय ही. हिला दम कुठं लागतो? दम लागल्याबिगर देव येतो का?"

मी ते घेऊन गाळ्यावर आलो. मूळचं, काही न केलेलं रेकॉर्डिंग लावलं. बांगड्या, खोकला, बाहेर टेम्पो रिव्हर्स घेत असल्याचा आवाज, आणि ओळ संपताना हवा कमी पडून तिचा आवाज जो फाटतो ते. त्या फाटलेल्या जागेत ती पुढच्या देवाचं नाव घेत होती. मी साफ केलेली फाइल पुसून टाकली. चुलते अजून नाराज आहेत, त्यांना कॅसेटवाली बाईच पाहिजे होती. केमिस्टला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो हसला नाही. मूळ रेकॉर्डिंग ऐकायला मागितलं. पूर्ण ऐकलं, पाळीला दांडी मारून.

पावसाळा संपल्यावर कल्याणला त्यांचा दुसरा कार्यक्रम ठरला. खडकपाड्याकडे एका जुन्या गोदामात, संध्याकाळी पाच वाजता. या वेळी साउंड मी मागून घेतला. आधीच्या रविवारी सकाळी मी त्यांना माझ्याच गाळ्यात सराव करायला बोलावलं. माळ्यावर माझ्या वडिलांच्या वेळचे दोन पत्र्याचे कर्णे पडून होते, पूर्वी लग्नात झाडाला बांधायचे ते. त्यात बेस अजिबात नसतो. नुसता चिरका, नाकातला, लांब जाणारा आवाज. मी ते उतरवले, धूळ झटकली आणि केमिस्टचा आवाज फक्त त्या कर्ण्यांतून सोडला. पहिल्याच ओरडण्याला तो थांबला. माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ओरडला. त्या दिवशी त्याने मला ईक्यूला, म्हणजे आवाज कापायच्या-भरायच्या बटणांना, हात लावायला सांगितलं नाही, मीही लावला नाही.

सराव चालू असताना आत्या आली. ती समोरच्याच आळीत राहते. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ती दारातल्या स्टुलावर बसली आणि दोन गाणी ऐकली. मग मला जवळ बोलावून विचारलं की हा पोऱ्या कोनावर रागावलाय. मी म्हटलं देवावर. तिने थोडा विचार केला. "आमी बोलवतो, ह्यो घालवतो," ती म्हणाली. "दोगांना जोरानंच बोलाया लागतं." मग तिने त्याला कोणाचा, कुठला म्हणून विचारलं. त्याने विठ्ठलवाडी सांगितलं, आडनाव सांगितलं. आत्याला आडनावावरून जे कळायचं ते कळलं. मी तिच्याकडे बघत होतो. ती उठली, घरी गेली, आणि मला वाटलं की संपलं. अर्ध्या तासाने तिच्या सुनेने चहा आणला, सगळ्यांना. कपात. मी कपांकडे बघितलं, घरातलेच होते.

कल्याणच्या कार्यक्रमाला कोपरीपेक्षा थोडे जास्त लोक होते. मी मिक्सरमागे उभा राहून जवळजवळ काहीच केलं नाही. एवढं कमी काम मी कधी केलेलं नाही आणि एवढं घाबरून कधी केलेलं नाही. बावीस वर्षं हात आपोआप चिरका भाग कापायला जातो, तो खिशात घालून ठेवलेला. नाल्याच्या गाण्याला लोक मान खाली घालून उभे होते आणि मीही तसाच उभा होतो. गाणं संपल्यावर एक मुलगा मला विचारायला आला की हे स्पीकर कुठल्या कंपनीचे. मी सांगितलं, माझ्या बापाचे.

त्यानंतर त्यांचा कार्यक्रम झाला नाही. हिवाळ्यात केमिस्टच्या कारखान्याने डोंबिवलीतलं युनिट बंद करून गुजरातला नेलं. आमच्या एमआयडीसीतले बरेच जातायत, लोकवस्ती वाढली म्हणून. नाल्यासाठी ते चांगलंच. त्याला तिकडे नोकरी कायम मिळत होती, घरात त्याच्याशिवाय कमावणारं कोणी नव्हतं. ड्रमवाला दुसऱ्या बँडमध्ये गेला. हे सगळं त्याने गाळ्यावर चहा पिताना दोन-तीन वाक्यांत सांगितलं. मी काही धीर द्यायला गेलो नाही, त्याला ते आवडलं नसतं.

निघायच्या आधीच्या रविवारी त्याने मला घरी जेवायला बोलावलं. विठ्ठलवाडीला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, तिसरा मजला. आमच्या गावाहून टेम्पोने अर्धा तास. मी त्या भागात शंभर वेळा साउंड लावायला गेलेलो असेन, तिथल्या जयंतीच्या मिरवणुकांनाही माझे स्पीकर गेलेत. पण कोणाच्या घरात जेवायला बसलेलो नव्हतो. टेम्पो लावताना हे माझ्या लक्षात आलं आणि जिना चढताना मी त्याचाच विचार करत होतो.

दोन खोल्या. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली पुस्तकांची फळी. सामान अर्धं बांधलेलं. त्याच्या आईने मला आत हात धुवायला पाठवलं आणि पाटावर बसवलं. सुकटीचं कालवण, भाकरी, कांदा. मला सुकट आवडते हे त्याने सांगितलेलं असणार. ती वाढत होती आणि मी खात होतो, दोन भाकऱ्या झाल्या तरी ती तिसरी टाकत होती. केमिस्ट शांत जेवत होता, कारखान्यात जेवत असेल तसाच.

मी त्याच्या आईला विचारलं की याचं गाणं तुम्ही ऐकलंय का.

"एकदा ऐकलं," ती म्हणाली. "आधी भीती वाटली, कोणी मारतंय की काय याला. मग बसून सगळं ऐकलं."

"मग?"

"मग काय. त्याच्या आजोबांचा झोपेत असा आवाज यायचा. दिवसा कधी नाही."

केमिस्टने ताटातून मान वर केली. त्याला हे माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. तिने मला कालवण पाहिजे का म्हणून विचारलं. मी वाटी पुढे केली.